वऱ्हाडच्या पोलिसांचं दालन

दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पोलीस शाळांच्या पोरांना बंदुका दाखवतात. 2 जानेवारी हा महाराष्ट्र पोलिसांचा स्थापना दिन. 1961 साली याच तारखेला पंडित नेहरूंनी या दलाला ध्वज दिला. अकोल्याच्या जठारपेठेतलं पोरगंही बंदुकांच्या टेबलासमोर उभं राहतं, रायफलीचा पल्ला विचारतं आणि घरी जातं. आपल्या गावात पोलीस आले कधी, हे मात्र त्याला कुणी सांगत नाही.

ती कहाणी कर्जापासून सुरू होते. निजामाच्या खर्चाने उभ्या असलेल्या हैदराबाद कंटिंजंट या फौजेचा पगार थकत गेला आणि 1853 च्या तहाने त्या वसुलीसाठी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. कापसाच्या या मुलखात इंग्रजी अंमल आला, पण मालकी कागदोपत्री निजामाचीच राहिली. त्यामुळे 1861 चा पोलीस कायदा असो की दुसरा कोणता, ब्रिटिश हिंदुस्थानातले कायदे इथे आपोआप लागू होत नसत. वेगळ्या हुकुमाने आणावे लागत. 1903 मध्ये वऱ्हाड मध्यप्रांताच्या कारभाराला जोडलं गेलं, 1956 मध्ये मुंबई राज्यात आलं. म्हणजे अकोल्याच्या शिपायाचे वरिष्ठ आधी हैदराबादच्या रेसिडेंटच्या हाताखाली, मग नागपूरला, मग मुंबईला. एवढ्या धन्यांखाली राबलेलं दल मराठी मुलखात क्वचितच सापडेल.

गावात मात्र खाकीच्या आधीपासून पाटील होता, जागल्या होता, कोतवाल होता. रात्रीची गस्त, परक्या माणसाची खबर, चोराचा माग ही कामं त्यांची. यातलं बरंच ओझं महार वतनदारांनी पिढ्यान्‌पिढ्या वाहिलं, आणि त्या राबणुकीला मान कधी मिळाला नाही. पोलिसांच्या इतिहासात त्यांना पहिलं स्थान द्यायला हवं, असं मला ठामपणे वाटतं.

याच व्यवस्थेने मागे ठेवलेली वस्तू म्हणजे कोतवाल बुक. गावातला जन्म, मृत्यू, जात त्यात लिहिलेली. आज जातपडताळणीसाठी त्याची नक्कल काढायला विदर्भातली माणसं तहसिलीत रांग लावतात. ज्या आजोबाचा फोटो नाही, त्याचा जन्म तिथे एका ओळीत सापडतो. वऱ्हाडच्या पोलिसांचं दालन उभारायचं ठरलं, तर त्यात काचेआड पहिलं ठेवावं ते हे पिवळं पडलेलं बुक.

कोलकात्याच्या पोलीस संग्रहालयाने असं दालन उभारण्याचं धाडस केलं आहे. राजा राममोहन रॉय यांच्या जुन्या वास्तूत 1996 पासून असलेल्या त्या दालनात, इंग्रज न्यायाधीश किंग्जफर्डला मारण्यासाठी क्रांतिकारक हेमचंद्र कानुनगो यांनी पुस्तकात दडवलेला बॉम्ब मांडलेला आहे. ज्यांना पोलिसांनी पकडलं, त्यांच्या वस्तू पोलिसांनीच मानाने जपल्या.

वऱ्हाडालाही हे करता येईल. 1930 मध्ये अकोला जिल्ह्यातल्या दहिहांड्याला खाऱ्या विहिरींच्या पाण्यातून मीठ काढून कायदा मोडला गेला. समुद्र शेकडो मैल दूर, पण खारपाणपट्टा पायाखाली होता. पुसदला त्याच वर्षी बापूजी अणे यांनी जंगल सत्याग्रह केला. आणि वऱ्हाडाच्या शेजारी, वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत 16 ऑगस्ट 1942 ला पोलीस ठाण्यावर जमाव गेला. गावचेही मेले, पोलीसही मेले. ते शिपाईसुद्धा इथल्याच मातीतल्या घरांत पगार पाठवणारे होते. वऱ्हाडच्या दालनात दोघांचीही नावं एका भिंतीवर लागली पाहिजेत. एकाच बाजूची लावली तर ती जाहिरात होईल.

अकोल्यात पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे. नवे शिपाई तिथे घडतात. असं दालन त्यांना पहिल्याच आठवड्यात दाखवता येईल. वाचकांना एवढीच विनंती: घरात आजोबांचा जुना पट्टा, बिल्ला, बदलीचा हुकूम, पोलीस पाटलाची नोंदवही असेल, तर भंगारात देऊ नका. मागे नाव, गाव आणि साल लिहून ठेवा.