अलंकरण आणि अक्षर : सिहोरा परिसराच्या संदर्भात आलेख्यकलेची मूलतत्त्वे

साहित्याच्या तौलनिक अभ्यासात संहिता ही बहुधा तिच्या दृश्य रूपापासून अलग करून विचारात घेतली जाते. शिलालेख असो, पोथी असो वा मुद्रित ग्रंथ, त्यातील आशय तेवढा साहित्याचा आणि अक्षरांची घडण, चौकट, मांडणी ही ‘सजावट’ अशी विभागणी गृहीत धरली जाते. ही विभागणी कितपत टिकते याचा विचार आलेख्यकलेच्या, म्हणजे ज्याला ग्राफिक डिझाइन म्हणतात त्या कलेच्या इतिहासावाचून करता येत नाही. मध्य प्रदेशातील जबलपूर जिल्ह्यातील सिहोरा आणि त्याच्या आसपासचा प्रदेश या दृष्टीने उद्‌बोधक ठरतो. ब्रिटिश अमदानीतील सिहोरा तहसिलीत रूपनाथ, बहोरीबंद आणि तिगवाँ ही तिन्ही स्थळे मोडत. 1998 मध्ये कटनी जिल्हा स्वतंत्र झाल्यापासून ती त्या जिल्ह्यात गणली जातात.

‘ग्राफिक डिझाइन’ ही संज्ञा तशी अलीकडची. अमेरिकन ग्रंथरचनाकार विल्यम ॲडिसन ड्विगिन्स याने 1922 साली ती वापरली व पुढे ती रूढ झाली. परंतु संज्ञा नवी असली तरी व्यवहार प्राचीन आहे. मजकूर कोणासाठी, कोठे आणि कोणत्या आकारात मांडावा, याचा जाणीवपूर्वक निर्णय हे या कलेचे मर्म होय. रूपनाथ येथील अशोकाचा लघुशिलालेख इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला. कैमूर टेकड्यांच्या कुशीत, पाण्याच्या कुंडांजवळ एका खडकावर तो कोरलेला आहे. लोक जेथे जमतात अशा जागी मजकूर नेऊन ठेवण्याची दृष्टी त्यात दिसते. हा मजकूर पर्वतांवर आणि जेथे शिलास्तंभ असतील तेथे त्यांवरही कोरावा, अशी आज्ञा खुद्द लेखातच आहे. म्हणजे माध्यमाचा विचार हा संहितेचाच भाग बनला आहे. त्यातील ब्राह्मी अक्षरांना शिरोरेषा नाही, रेषेत जाड-बारीक असा भेद फारसा नाही. येथे अलंकरण जवळजवळ शून्य आहे. रेषा आणि अवकाश या दोनच घटकांवर सारा भार आहे.

रेषा, आकार, अवकाश, वर्ण, पोत, तोल, लय आणि प्रमाण ही या कलेची मूलतत्त्वे म्हणून आधुनिक पाठ्यग्रंथांतून सांगितली जातात. भारतीय परंपरेत विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्राने रेखा, वर्तना, भूषण आणि वर्ण असे चार घटक मानले असून, प्रेक्षकांचे निरनिराळे वर्ग त्यांतील निरनिराळ्या घटकाला महत्त्व देतात असे नमूद केले आहे. काव्यशास्त्राच्या अभ्यासकाला हा विचार अपरिचित वाटू नये. एकच कृती अधिकारभेदाने वेगवेगळी ग्रहण केली जाते, हे तत्त्व दोन्ही शास्त्रांत समान आहे. ‘अलंकार’ हा शब्दही दोहोंत सामाईक आहे. आनंद कुमारस्वामी यांनी 1939 च्या आपल्या निबंधात या शब्दाच्या व्युत्पत्तीकडे लक्ष वेधले. ‘अलम्’ म्हणजे पुरेसे. अलंकृत करणे म्हणजे वस्तूला तिच्या कार्यासाठी परिपूर्ण करणे. वरून चिकटविलेली शोभा हा अर्थ नंतरचा.

या मताची पडताळणी तिगवाँ येथील कंकाली देवीच्या मंदिरात करता येते. पाचव्या शतकाच्या सुमारास बांधलेले हे सपाट छताचे, लहानसे गुप्तकालीन मंदिर. मंडपाच्या चार स्तंभांवर पानाफुलांनी ओसंडणारे पूर्णकलश आहेत. त्यांवरील चौरस शीर्षांवर पाठीला पाठ लावून बसलेले सिंह आणि मध्ये वृक्ष. द्वारशाखांच्या वरच्या कोपऱ्यांत मकरावर गंगा आणि कूर्मावर यमुना. अलेक्झांडर कनिंगहॅम याने गुप्तशैलीची जी लक्षणे नोंदविली, त्यांत नदीदेवता आणि सिंह-वृक्षांची ही रचना समाविष्ट आहे. म्हणजे ज्याला आपण सजावट म्हणतो, तीच येथे कालनिर्णयाची खूण ठरली. शिवाय नदीदेवता दारावर असल्याने उंबरठा ओलांडणे हेच प्रतीकात्मक स्नान ठरते. अलंकरण काढून टाकले तर दार उरेल, पण त्याचा अर्थ उरणार नाही.

अक्षर आणि अलंकार यांची सीमा पुसली जाण्याचे उदाहरण विदर्भाच्या वाकाटक ताम्रपटांत आढळते. त्यांतील पेटिकाशीर्षक लिपीत प्रत्येक अक्षराच्या माथ्यावर लहानशी चौकोनी पेटी असते. वाचनाला तिची गरज नाही. तथापि त्या लिपीची ओळख तीच आहे. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी कलचुरि (1955) आणि वाकाटक (1963) लेखांच्या संपादनात संहितेपूर्वी अक्षरांच्या वळणाचे वर्णन दिले. पाठ आणि लिपिरूप एकत्र वाचण्याची ही शिस्त साहित्याच्या अभ्यासकांनीही स्वीकारण्याजोगी आहे.

युरोपात मात्र या प्रश्नावर तीव्र मतभेद झाले. ओवेन जोन्स याने 1856 मध्ये ‘द ग्रामर ऑफ ऑर्नमेंट’ या ग्रंथात जगभरच्या अलंकरणाचे जणू व्याकरणच मांडले. त्यानंतर सुमारे अर्धशतकाने आडोल्फ लोस याने अलंकरणाची तुलना गुन्ह्याशी केली. आधुनिक मुद्रणकलेतील निरलंकृत मांडणीमागे ही विचारसरणी उभी आहे.

स्वतंत्र भारताने आपल्या राज्यघटनेच्या मूळ प्रती हस्तलिखित आणि सचित्र ठेवल्या, ही घटना या पार्श्वभूमीवर लक्षणीय ठरते. इंग्रजी प्रतीचे सुलेखन प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी, तर हिंदी प्रतीचे वसंत कृष्ण वैद्य यांनी केले. चित्रणाची जबाबदारी शांतिनिकेतनचे नंदलाल बोस आणि त्यांचे सहकारी यांच्याकडे होती. उद्देशिकेच्या पृष्ठाची अलंकृत चौकट जबलपूरचे ब्योहार राममनोहर सिन्हा यांनी रेखाटली. तिच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात देवनागरीत ‘राम’ अशी त्यांची लहानशी स्वाक्षरी आहे. उद्देशिकेचे शब्द पाठ्यपुस्तकांतून असंख्य वेळा छापले गेले. त्यांत चौकट बहुधा गळते आणि चौकटीबरोबर ते नावही गळते. तिगवाँच्या शिल्पींची नावे काळाच्या ओघात नाहीशी झाली. येथे नाव लिहिलेले असूनही ते वाचले जात नाही, कारण ते ‘मजकुरा’बाहेर आहे असे समजले जाते.

मराठीत र. कृ. जोशी (1936–2008) यांनी ही दरी ओलांडली. अक्षराच्या आकारालाच काव्याचे द्रव्य मानणारे हे कवी आणि सुलेखनकार ‘मंगल’ या संगणकीय देवनागरी अक्षरसंचाचेही रचनाकार होते. संगणकावर मराठी मजकूर वाचणाऱ्या असंख्य वाचकांपुढे त्यांच्या हातचे वळण येत राहिले; वाचकाला त्याची जाणीव क्वचितच झाली.

रूपनाथच्या खडकापासून संगणकाच्या पडद्यापर्यंत दृष्टिक्षेप टाकला असता असे दिसते की, निरलंकृत संहिता अशी वस्तू मुळातच नाही. अलंकरण कमी किंवा अधिक असते, इतकेच. संहितेची तुलना करताना तिचे स्थान, लिपिरूप आणि चौकट यांची नोंद झाली नाही, तर तुलना अपुरी राहते. त्याबरोबरच, ज्या हातांनी ती संहिता वाचनीय केली, त्यांचे श्रेयही नोंदीबाहेर राहते.