शुगरचा आकडा ‘किती’ ते सांगतो, ‘का’ ते नाही

आज ज्या गॅजेटबद्दल लिहितोय, ते सध्या माझ्या डाव्या दंडाच्या मागच्या बाजूला चिकटवलेलं आहे. कोटाच्या मोठ्या बटणाएवढं, पांढरं. ते दिवसरात्र माझी शुगर मोजतं आणि फोनवर तिचा ग्राफ काढतं. पण ते दंडापर्यंत कसं पोचलं हे आधी सांगायला हवं. कारण त्या गोष्टीत एक चूक आहे, आणि ती कुठल्याही मशीनची नव्हती.

आकडा बरोबर, निदान चूक

मी नाशिकमध्ये सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दीड वर्षापूर्वी हेल्थ चेकअपमध्ये उपाशीपोटी शुगर २१२ आली. वय २७, वडिलांना डायबिटीस, दिवसभर बसून काम आणि रविवारची मिसळ ठरलेली. डॉक्टरांनी टाइप २ सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या. मलाही ते पटलं.

मग मी त्याचा प्रोजेक्टच केला. भात बंद, साखर बंद, रोज सकाळी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर पाच किलोमीटर. वर्षभरात वजन ७० वरून ५९ किलोवर आलं. लोक म्हणायचे, “काय फिट झालायस!” पण एचबीए१सी मात्र ८.१ वरून ९.४ वर गेलं. ही टेस्ट म्हणजे साधारण मागच्या तीन महिन्यांची सरासरी. त्या आकड्याला २८.७ ने गुणून ४६.७ वजा केले की सरासरी शुगर मिळते. माझी आली सुमारे २२३.

आत्या एकदा हसत म्हणाली, “चोरून काही खातोस का रे?” मी नाही म्हणालो. पण त्या रात्री फूड डिलिव्हरी ॲपची हिस्टरी उघडून मीच मला तपासत बसलो. सगळं नियमाने करूनही आकडा वाढतोय म्हटल्यावर चूक आपलीच असणार, असं डोक्यात पक्कं बसलं होतं.

दोन टेस्टनी काय सांगितलं?

दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी शुगरपेक्षा वजनाबद्दल जास्त विचारलं आणि दोन टेस्ट लिहून दिल्या.

पहिली, सी-पेप्टाइड. स्वादुपिंडात इन्सुलिन तयार होताना एक मोठा रेणू तुटतो आणि त्यातून इन्सुलिन व सी-पेप्टाइड हे दोन्ही सारख्याच संख्येने बाहेर पडतात. म्हणजे सी-पेप्टाइड मोजलं की शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतंय याचा अंदाज येतो. माझं खूपच कमी होतं.

दुसरी, गॅड अँटिबॉडी. आपली रोगप्रतिकारक यंत्रणा इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवरच हल्ला करत असेल, तर रक्तात अशा अँटिबॉडी सापडतात. माझी पॉझिटिव्ह आली.

म्हणजे मला टाइप २ नव्हता. तो प्रौढ वयात हळूहळू उघड होणारा, टाइप १ च्या घराण्यातला डायबिटीस होता. त्याला ‘लाडा’ म्हणतात. पळून, भात सोडून तो आटोक्यात येणारच नव्हता, कारण इन्सुलिनच संपत चाललं होतं. वजन उतरत होतं तेही फिटनेसमुळे कमी आणि इन्सुलिनच्या अभावाने जास्त.

ग्लुकोमीटर, लॅब, एचबीए१सी, यातलं कुणीच खोटं बोललं नव्हतं. शुगर किती आहे ते सगळ्यांनी बरोबर सांगितलं. ती का वाढली, हा प्रश्न त्या टेस्टना विचारलेलाच नव्हता.

मग आधीच का कळलं नाही?

राग मलाही आला होता. वाचत गेलो तसा थोडा उतरला. ‘जाड म्हणजे टाइप २, बारीक म्हणजे टाइप १’ हा ढोबळ नियम आपल्याकडे चालत नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! आपल्याकडे सडपातळ दिसणाऱ्या माणसालाही टाइप २ होतो तो असा. त्यामुळे माझ्याकडे बघून, घरातला इतिहास ऐकून कुणी टाइप २ म्हटलं, तर तो अंदाज वेडा नव्हता. गोळ्या चालत नाहीत हे दिसल्यावर तो पुन्हा तपासायला हवा होता, एवढंच.

दोन प्रकार ओळखायचे कसे, यावर पुण्यात कामही झालंय. केईएम, हैदराबादची सीसीएमबी आणि ब्रिटनचं एक्सेटर विद्यापीठ यांच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की युरोपीय लोकांच्या माहितीवरून बनवलेला जनुकीय स्कोअर भारतीय रुग्णांमध्येही टाइप १ आणि टाइप २ वेगळे ओळखायला उपयोगी पडतो.

आणि अशी चूक मोठ्या लोकांच्या बाबतीतही होते. ब्रिटनच्या तेव्हाच्या गृहमंत्री थेरेसा मे यांना २०१२ मध्ये, वयाच्या ५६ व्या वर्षी, आधी टाइप २ सांगितला होता. गोळ्यांनी फरक पडेना, तेव्हा पुन्हा तपासण्या झाल्या आणि टाइप १ निघाला. पुढे त्या इन्सुलिन घेत घेतच पंतप्रधान झाल्या.

“इन्सुलिन म्हणजे शेवटची स्टेज ना रे?”

हा प्रश्न आईचा. पेन टेबलावर ठेवलं होतं आणि ती त्याच्याकडे बघतही नव्हती. तिला सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. ११ जानेवारी १९२२ ला टोरांटोमध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. त्याआधी टाइप १ झालेलं मूल फार दिवस जगत नसे. इन्सुलिन ही शिक्षा नाही. शरीर जे बनवत नाही, ते बाहेरून द्यायचं, बस.

मी दोन प्रकारचं घेतो. एक लांब पल्ल्याचं, दिवसातून एकदा. ते जेवलो नाही तरी लागतं. दुसरं झटपट, जेवणाआधी, पोळी-भाताच्या हिशेबाने. हो, भात परत आला! पहिल्या दिवशी आईने वरण-भात वाढला आणि मी वाटीने भात मोजला. दोघंही हसलो.

दंडावरचा सेन्सर चालतो कसा?

त्वचेखाली साधारण पाच मिलिमीटर एक केसासारखी लवचिक तार जाते. तिच्यावर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम असतं. ग्लुकोजशी त्याची क्रिया झाली की अगदी सूक्ष्म करंट तयार होतो. ग्लुकोज जास्त, तर करंट जास्त. सेन्सर त्याचं आकड्यात रूपांतर करतो आणि ब्लूटूथने किंवा फोन जवळ नेल्यावर एनएफसीने पाठवतो. माझा सेन्सर १४ दिवस चालतो.

आता तीन गोष्टी, ज्या मी चुका करून शिकलो.

१. आकडा थोडा शिळा असतो. तार रक्तात नसते, पेशींभोवतीच्या द्रवात असते. तिथे शुगर काही मिनिटं उशिरा पोचते. शुगर वेगाने बदलत असेल किंवा आकडा आणि अंगातली लक्षणं जुळत नसतील, तर बोट टोचून ग्लुकोमीटरवर बघा. सेन्सर लावलेल्या कुशीवर झोपलात तरी दाबामुळे आकडा खोटाच खाली दिसू शकतो.

२. बाण वर दिसला की लगेच दुसरा डोस नाही. झटपट इन्सुलिनही तीन ते पाच तास काम करत राहतं. मी पहिल्याच आठवड्यात घाईने वरून डोस घेतला आणि दोन तासांनी घामाघूम होऊन ५८ वर आलो. ७० च्या खाली गेलं की १५ ग्रॅम ग्लुकोज घ्यायचं, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. ग्लुकोजची पुडी आता लॅपटॉपच्या बॅगेत कायम असते.

३. फोनची सेटिंग्ज. त्या रात्री अलार्म वाजलाच नाही, कारण मीच ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावून झोपलो होतो. सेन्सरच्या ॲपला त्यातून सूट द्या, बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून बाहेर काढा, ब्लूटूथ चालू ठेवा. फोन अपडेट झाल्यावर हे सगळं पुन्हा एकदा तपासा.

इन्सुलिन उन्हात टिकत नाही. नाशिकचा एप्रिल तुम्हाला माहीतच आहे. नवीन पेन फ्रिजमध्ये (फ्रीझरमध्ये नाही), आणि गाडीच्या डिकीत तर कधीच नाही.

तुमच्यासाठी

पथ्य, व्यायाम, गोळ्या सगळं नीट चालू असूनही शुगर वाढत असेल आणि वजन आपोआप उतरत असेल, तर डॉक्टरांना सरळ विचारा, “सी-पेप्टाइड आणि गॅड टेस्ट करायची गरज आहे का?” गोळ्या किंवा डोस मात्र मनाने बदलू नका.

काल आत्या आली होती. फोन टेबलावर होता, स्क्रीनवर १४२ आणि आडवा बाण. बराच वेळ बघून म्हणाली, “म्हणजे तू तेव्हा खरंच काही खात नव्हतास.”

“नाही गं,” म्हटलं. तिने भाताची वाटी माझ्याकडे सरकवली.