धरणातल्या पाण्याचा हिशेब

अकोला जिल्ह्यात बार्शीटाकळी तालुक्यात महान नावाचे गाव आहे. तेथे काटेपूर्णा नदीवर धरण आहे. या एका धरणाकडे किती जण डोळे लावून बसतात, पहा. अकोला शहर, मूर्तिजापूर, खारपाणपट्ट्यातली खांबोरा योजनेची खेडी, कारखाने आणि कालव्याखालचे शेतकरी. एवढ्या सगळ्यांना पाणी पुरते का? आपण हिशेब करून पाहू.

धरणाच्या तळाचे पाणी कालव्यात चढत नाही. त्याला मृतसाठा म्हणतात. त्याच्या वरचे पाणी कामाचे. तो उपयुक्त साठा. काटेपूर्णा धरणाचा उपयुक्त साठा 86.35 दलघमी आहे. दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर. एक घनमीटर म्हणजे 1,000 लिटर. तेव्हा एक दलघमी म्हणजे 100 कोटी लिटर पाणी झाले.

2011 च्या शिरगणतीत अकोला शहराची वस्ती सव्वाचार लाख होती. माणशी रोज 135 लिटर धरले, तर शहराला वर्षाला 21 दलघमी पाणी लागते. धरण काठोकाठ भरले, तर हा चौथा हिस्सा झाला. बाकीचे तीन हिस्से इतरांना उरले. पण धरण पावच भरले तर? तर साठा साडेएकवीस दलघमी. शहराची तहान मात्र तेवढीच. म्हणजे सारे पाणी एका शहरातच संपले!

शिवाय ऊनही आपला वाटा नेते. वऱ्हाडातला उन्हाळा तुम्हाला ठाऊकच आहे. उघड्या पाण्यावरून वर्षभरात पुरुषभर उंचीचे पाणी वाफ होऊन जाते. काही पाणी कालव्यात मुरते. खाली गाळ साचतो, त्यानेही जागा अडते.

धरण बांधताना चार वर्षांतून तीन वर्षे पुरेसे पाणी येईल, असा अंदाज धरतात. म्हणजे चौथे वर्ष तुटीचे, हे आधीच ठरलेले. पाण्याची मंजुरी मात्र कागदावर असते. पाऊस कमी झाला म्हणून कागदावरचा आकडा आपोआप कमी होत नाही. 2017 साली पाऊस कमी पडला, धरण भरले नाही, आणि असलेले पाणी पिण्यासाठी राखावे लागले.

मग तुटीच्या वर्षी आधी कोणाला द्यायचे? पहिला मान पिण्याच्या पाण्याचा. त्याबद्दल वाद नाही. राज्याच्या 2003 सालच्या जलनीतीत त्यानंतर कारखाने होते आणि मग शेती. 2011 साली हा क्रम बदलून शेतीला दुसरी जागा दिली. तरी शहराची वस्ती वाढत जाते आणि उरलेल्या पाण्यावरच शेतीचा संसार चालतो. तूट आली की ती पहिल्यांदा शेतकऱ्याच्या बांधावर येते.

म्हणून पेरणीच्या आधीच हिशेब करावा. एक हेक्टर, म्हणजे अडीच एकर, शेतात चार इंच पाणी द्यायला सुमारे 1,000 घनमीटर पाणी लागते. वाटेत थेंबही सांडला नाही असे धरले, तर एक दलघमीत 1,000 हेक्टर एकदा भिजेल. गव्हाला पाच-सहा पाणी लागतात. हरभऱ्याला दोन पुरतात. गव्हाच्या पाण्यात हरभरा दुप्पट-तिप्पट रानात पिकतो. तुटीच्या वर्षी गव्हाचा हट्ट धरला, तर ओंबी भरायच्या वेळी कालवा कोरडा पडतो. बियाणे गेले, खत गेले, मेहनतही गेली.

पावसाळा संपला की कालवा सल्लागार समिती पाण्याच्या पाळ्या ठरवते. 2005 च्या कायद्याने शेतकऱ्यांना पाणीवापर संस्था काढता येते. एकट्याने विचारले तर कोणी ऐकेल, कोणी ऐकणार नाही. संस्थेने विचारले तर उत्तर मिळते. तेव्हा दसरा-दिवाळीच्या सुमारास तीन गोष्टी विचाराव्या. उपयुक्त साठा आज किती? पिण्यासाठी राखून किती उरतो? आणि आमच्या कालव्याला पाळ्या किती? टक्के ऐकून समाधान मानू नये. आकडा दलघमीत मागावा, आणि तो मिळाल्यावरच तिफण बाहेर काढावी.