उन्हाळ्यांतील फुलबाग

परभणी जिल्ह्यांत वैशाखाचें ऊन ४० अंशांपलीकडे जातें. म्हणून येथें उन्हाळ्यांत फुलबाग होणें नाहीं, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु सदाफुली मूळची मादागास्करची, झिनिया मेक्सिकोचा व चिनीगुलाब दक्षिण अमेरिकेचा. ऊन या तिघांच्याही अंगवळणीं पडलेलें आहे. त्यांची हानि होते ती बहुधा पेरणींतील चुकीनें.

आपली काळी माती ओली असतां चिकटते व वाळतांच भेगाळते. तींत नाजूक अंकुराचा निभाव लागत नाहीं. यास्तव माती, कुजलेलें शेणखत व नदीची वाळू समभाग मिसळून कुंडी भरावी आणि फाल्गुनांत बीं पेरावें. चिनीगुलाबाचें बीं धुळीसारखें बारीक असून तें उजेडांत रुजतें. तें नुसतें मातीवर शिंपडावें. सदाफुलीचें बीं मात्र अंधारांत रुजतें. त्यावर मातीचा पातळ थर द्यावा. झिनियाच्या मुळांस स्थलांतर सोसत नाहीं, म्हणून त्याचें बीं वाफ्यांत जागींच पेरावें.

उगवेपर्यंत झारीनें सकाळ-संध्याकाळ हलकेंच पाणी द्यावें. एक दिवस हयगय झाली कीं फुटलेला कोंब करपतो. पाण्याचें दुर्भिक्ष असल्यास थोडेंच बीं पेरावें, पण पेरलेलें जपावें. पहिला पंधरवडा ज्यानें सांभाळला, त्याच्या अंगणांत वैशाखांतही फुलें दिसतील.