साठाव्या श्वासाचा लाल मणी

तान्ह्या बाळाला न्यूमोनिया झालाय, हे ओळखायला काय लागतं? एक्स-रे? गडचिरोलीच्या खेड्यांतल्या, शाळेची पायरीही न चढलेल्या सुईणींनी ते चक्क मण्यांवर ओळखलं!

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही ना-नफा संस्था सुरू केली. मण्यांची युक्ती त्यांचीच. न्यूमोनियात फुफ्फुसं ताठरतात. श्वास खोल जात नाही, म्हणून बाळ भराभर उथळ श्वास घेतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त झाले, की धोका. म्हणजे निदान बाळाच्या उघड्या पोटावर दिसतंच आहे! मोजता मात्र यायला हवं. आणि सुईणींची मोजणी दहा-बाराच्या पुढे जातच नसेल तर?

मग दहापर्यंतच मोजा! बालवाडीतल्या मण्यांच्या पाटीसारखं एक साधन तयार झालं, सोबत एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ. घड्याळ उलटं ठेवायचं, पोट वरखाली होताना बघायचं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत सहावा, लाल मणी सरकवावा लागला, तर औषध सुरू. थोड्या मोठ्या बाळांसाठी वेगळी ओळ, कारण त्यांची मर्यादा पन्नास. दहा-बारापुढचे आकडे न येणाऱ्या हातांनी केलेलं हे अचूक गणितच की!

दवाखानाही लोकांना विचारूनच उभा राहिला. मोठ्या इमारतीची आदिवासींना भीती वाटे. पांढरे कपडे तर प्रेताला गुंडाळतात, मग डॉक्टर-नर्स पांढऱ्यात का? म्हणून 'सर्च'च्या शोधग्राम या परिसरात झोपड्यांचं गाव वसलं, नातेवाइकांना राहायला जागा झाली, आणि दवाखान्याला नाव मिळालं त्यांच्याच देवीचं, माँ दंतेश्वरीचं.

पण नवजात बाळं तर घरातच दगावत होती. मग उपचारच घरी का जाऊ नयेत? पाचवी-दहावीपर्यंत शिकलेल्या गावातल्याच बाया 'आरोग्यदूत' झाल्या. बाळाचं वजन करणं, ताप बघणं, ऊब देणं त्या शिकल्या, आणि जंतुसंसर्ग दिसला तर जेंटामायसिनचं इंजेक्शन देणंसुद्धा! खाटेवरच्या इवल्याशा मांडीत सुई टोचणारी ती शेजारीण डोळ्यांपुढे आणा. केवढी हिंमत, केवढा विश्वास!

हे ३९ गावांत झालं. तिसऱ्या वर्षी तिथे हजार जन्मांमागे नवजात मृत्यू होते २५.५. तुलनेसाठी निवडलेल्या ४७ गावांत? ५९.६! १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने हे छापलं. २०११ मध्ये केंद्र सरकारने घरोघरी नवजात सेवेचा कार्यक्रम देशभर आणला, आणि दवाखान्यातून घरी आलेल्या बाळाला बघायला आता गावची आशाताई बेचाळीस दिवसांत सहा वेळा येते.