राखेचें पाणी आणि आपल्या विहिरी

नागपूर जिल्ह्यांत कोराडी व खापरखेडा येथें दगडी कोळशावर चालणारीं मोठीं विद्युत्केंद्रें आहेत. आपल्या देशांतील कोळशांत राखेचें प्रमाण बहुधा शेंकडा ३० ते ४५ असतें. ही राख पाण्यांत कालवून बांध घातलेल्या तलावांत सोडण्याची वहिवाट आहे. जुलै २०२२ मध्यें अतिवृष्टींत कोराडी केंद्राचा खसाळा येथील राख बंधारा फुटला आणि राखेचा लोंढा शेतांत शिरून कोलार व कन्हान नद्यांपर्यंत गेला, हें आमच्या वाचकांस विदित आहेच.

शेतावरील राखेचा थर डोळ्यांस दिसतो व त्याचा पंचनामा होतो. आम्हांस चिंता वाटते ती न दिसणाऱ्या अंशाची. कोळशांत अल्पांशानें असलेले सोमल म्हणजे आर्सेनिक, शिसें, कॅडमियम इत्यादि पदार्थ राखेंत एकवटतात आणि पाण्याबरोबर थोडथोडे झिरपूं शकतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणें एका लिटरांत शिसें ०.०१ मिलिग्रॅमहून व कॅडमियम ०.००३ मिलिग्रॅमहून अधिक नसावें. एवढ्या अंशास रंग, वास वा चव नसते. उकळल्यानें जंतु मरतात. परंतु विरघळलेला धातु जात नाहीं, उलट पाणी आटून त्याचें प्रमाण वाढतें.

आपली काळी, चुनखडीची जमीन असे धातु धरून ठेवते, त्यामुळें पिकावर परिणाम लवकर दिसत नाहीं. पण धरलेला अंश नांगरटीनें वा पावसानें निघून जात नाहीं. दर ओलिताबरोबर त्यांत भर पडते. पालकासारख्या पालेभाज्या कॅडमियम विशेष शोषून घेतात.

यास्तव राखतलावाजवळ ज्यांच्या विहिरी आहेत, त्यांनीं पावसाळ्यापूर्वीं व नंतर पाणी तपासून घ्यावें. साध्या तपासणींत बहुधा क्षार व जंतूच पाहतात. म्हणून अर्जांत कोणकोणते धातु तपासावयाचे तें स्पष्ट लिहावें. पंप कांहीं वेळ चालवून मग नमुना घ्यावा. तपासणीचा दाखला सातबाऱ्यासोबत जपून ठेवावा. पूर्वींचा आंकडा हातीं नसल्यास पुढें झालेली हानि सिद्ध करणें फार कठीण जातें. दोष आढळल्यास तें पाणी पिण्यास व भाजीपाल्यास वर्ज्य करावें. खर्च एकट्यास न झेपल्यास गांवानें वर्गणी करावी. येत्या पावसाळ्यापूर्वीं हें काम आमचे वाचक मनावर घेतील, अशी आशा आहे.