बालेकिल्ला राहिला तरी चालेल

गुंजवण्यातून राजगडाच्या चोर दरवाजाच्या वाटेला लागलेली माणसं सहसा थांबत नाहीत. गड गाठायचा, बालेकिल्ला करायचा, अंधाराच्या आत खाली उतरायचं. आमची निसर्गफेरी मात्र गाव सुटून जेमतेम झाडीत शिरते आणि एका जुन्या आंब्यापाशीच अडकते. ऑक्टोबरातली सकाळ. वाट अजून ओली, कडेला सोनकी, वर पद्मावती माची ढगात. दोन शिक्षिका, बँकेतून निवृत्त झालेले एक काका आणि सुट्टीच्या दिवशी लवकर उठवल्यामुळे फुरंगटलेली पोरं, असे आम्ही सगळे बुंध्याला भिंग लावून उभे. मागून आलेला ट्रेकर्सचा घोळका दबकत विचारतो, "साप आहे का?"

साप नाही, शैवाक. म्हणजे आपलं दगडफूल आणि त्याचं सगळं गणगोत.

फेरी घेणारी ताई पाण्याची फवारणी बाटली काढते. सालीवर तळहाताएवढा राखाडी चट्टा आहे, कडा कुरळ्या, वाळून कडक झालेल्या. दोन-तीन फवारे बसतात आणि बघता बघता राखाडीतून हिरवा रंग वर येतो. कडा मऊ पडतात. "ताई, परत!" पोरांची फुरंगट गेलेली असते.

वरचा थर बुरशीचा. कोरडा असताना त्यातून आत दिसत नाही. ओला झाला की खाली दडलेलं शैवाल दिसायला लागतं. शैवाल उन्हावर अन्न तयार करतं, बुरशी त्याला आसरा आणि ओलावा देते. हा दोघांचा संसार आहे, असं स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर यांनी 1860च्या दशकात मांडलं, तेव्हा नावाजलेल्या अभ्यासकांनी त्यांची टर उडवली होती.

"मग यात घरमालक कोण आणि भाडेकरू कोण?" काकांचा प्रश्न.

"त्यावर अजून वाद चालू आहे, काका."

सरबताची कळशी घेऊन वर निघालेली एक मावशी घटकाभर टेकते. "ह्ये व्हय? मसाल्यात घालतो की आम्ही." तिचं बरोबरच आहे. गोड्या मसाल्यातलं दगडफूल नाव दगडाचं लावत असलं तरी बऱ्याचदा झाडाच्या सालीवरूनच गोळा होतं. कच्चं हुंगलं तर फारसा वास नाही; तेलात परतलं की मग घर भरतं. एक शिक्षिका चट्ट्याकडे बोट नेते, तशी ताई अडवते. शैवाकाला मुळं नाहीत. हवा आणि पाऊस जे आणून देतील ते सगळं ते शोषतं, विषारी धातूसुद्धा. म्हणून धुराच्या शहरात त्याच्या नाजूक जाती आधी नाहीशा होतात.

पुढे गुळगुळीत सालीच्या झाडावर पांढुरक्या डागात काळ्या, वेड्यावाकड्या रेघा. भिंगातून पाहिलं तर प्रत्येक रेघ मधोमध चिरलेली. या चिरेतून बुरशीचे बीजाणू बाहेर पडतात. हा ग्राफिस. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पी. जी. पटवर्धन, उर्मिला मखिजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सह्याद्रीतली शैवाकं वर्षानुवर्षं गोळा केली, कितीतरी नव्या जाती नोंदवल्या. पुण्याहून दर रविवारी इथे गाड्या भरून येतात, पण पुण्यातच झालेलं हे काम किती जणांना ठाऊक असतं?

मग उघडा कातळ. पांढरे, करडे, पिवळट पापुद्रे दगडाला असे चिकटलेत की नखानं सुटत नाहीत. यातले कित्येक वर्षाला मिलिमीटरभरही वाढत नाहीत. अशाच एका पापुद्र्यातून कुणीतरी बदाम आणि दोन अक्षरं कोरून काढली आहेत. राजगड 2025 मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. तटबंदीकडे आता लक्ष जाईलही. या पापुद्र्यांची, आणि उन्हाळ्यातल्या वणव्यात होरपळणाऱ्या सालींची दखल घ्यायला मात्र अशा फेऱ्याच हव्यात, असं माझं मत आहे.

तुम्ही याल तेव्हा दहापट मोठं दाखवणारं भिंग खिशात असू द्या. खरवडू नका, सोलू नका. हवंच असेल तर खाली पडलेली काटकी उचलून बघा. बालेकिल्ला राहिला तरी चालेल.